२५-४ बघून हसणाऱ्यांना आणि तो ड्रॉ काढणाऱ्यांना

रामराम मंडळी,

पत्र एकच आहे, वाचणारे दोन. एक म्हणजे आमच्या झोनच्या, म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या भागातल्या कॉलेजांच्या, मुलींच्या व्हॉलीबॉलचा ड्रॉ काढणाऱ्या क्रीडा समितीवरचे सगळे सर आणि मॅडम. दुसरे म्हणजे त्या दिवशी ग्राउंडच्या पायऱ्यांवर माझ्या मागेपुढे बसलेले आणि नंतर चहाच्या गाडीवर तीच मॅच परत तोंडाने खेळणारे सगळे भाऊ, ताई, काका.

मॅच कोणती ते सांगायला नको. २५-४, २५-६. पहिलाच राउंड, नॉकआउट, तीनपैकी दोन सेटवाली. जिंकलेलं कॉलेज मोठ्या गावातलं, ज्यांच्या पोरी दरवर्षी इंटरझोनलला, म्हणजे झोनच्या वरच्या स्पर्धेला, जातात, आणि हरलेल्या पोरी वरून सातपुड्यातून आलेल्या, पहाटे अंधारात निघून एसटीने घाट उतरून. कॉलेजांची नावं घेत नाही, कोणाची इज्जत काढायला हे लिहितच नाहीये.

चहाच्या गाडीवर काय काय ऐकलं बघा. एक जण म्हणे, "यास्ले कोनी आनं रे आठे, सराव नही, काही नही," म्हणजे यांना इथे आणलं कोणी. दुसऱ्याला जिंकणाऱ्या पोरींचा राग, एवढ्या कच्च्या टीमवर काय स्मॅश मारत बसतात, जरा हलकं खेळायला काय झालं होतं. तिसरा रेफ्रीच्या मागे लागला. आणि एक चांगले शिकले सवरलेले काका, चहात बिस्किट बुडवत एकदम शांतपणे म्हणाले की मुलींच्या मॅचेस अशाच एकतर्फी असतात म्हणून तर कोणी बघायला येत नाही. काका, त्याच दिवशी सकाळी बाजूच्या कोर्टवर पोरांचीही एक मॅच अशीच धुतली गेली, तेव्हा तुम्ही म्हणत होता "काय टीम आहे यार". एकतर्फी मॅच पोरांची झाली की जिंकणारे भारी आणि पोरींची झाली की खेळच हलका, हा हिशोब मला काही समजला नाही.

असो. मॅच नीट बघितली का कोणी, हा माझा पहिला प्रश्न.

पहिल्या सेटमध्ये स्कोअर ४-३ होता. किती जणांना आठवतंय? सात पॉइंटपर्यंत मॅच बरोबरीत चालू होती, आणि मग समोरची ९ नंबरची पोरगी सर्व्हिसला आली आणि ४ चे १८ झाले. सलग चौदा पॉइंट. त्या चौदापैकी स्मॅशवर गेलेले दोन किंवा तीन असतील, बाकी सगळे सर्व्हिसवर. ती फ्लोटर टाकते, म्हणजे बॉलला फिरकी नसतेच, तो हवेत डुगडुगत येतो आणि हाताशी आला की बुडतो नाहीतर सरकतो, चांगल्या चांगल्यांचा अंडरहँड बिघडतो. आणि तिने पहिल्या दोन सर्व्हिसमध्येच हेरलं की मागच्या डाव्या कोपऱ्यात जी पोरगी उभी आहे, ७ नंबरची, तिला हा बॉल झेपत नाहीये. तो ७ पण जर्सीवर छापलेला नव्हता बरं का, टी-शर्टच्या पाठीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून काढलेला होता आणि घामाने त्याची आडवी रेघ सुटत चालली होती.

आता ज्यांना व्हॉलीबॉल फक्त लांबून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, कारण सगळी गोम इथे आहे. आपली टीम जागा कधी बदलते? समोरच्याच्या सर्व्हिसवर आपण रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल पडेपर्यंतचा खेळ, जिंकली तरच. तेव्हा सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सहाही जणी घड्याळाच्या काट्यासारख्या एकेक घर पुढे सरकतात. रॅली जिंकलीच नाही तर रोटेशनही नाही. म्हणजे ज्या पोरीला बॉल जमत नाहीये तिलाच त्याच कोपऱ्यात उभं राहून पुढची सर्व्हिस पण घ्यायची आहे, आणि त्याच्या पुढची पण. क्रिकेटमध्ये आउट झालं की निदान तंबूत जाता येतं, इथे चुकलेल्या माणसाला हलताच येत नाही. सात नंबर आधी एक पाऊल मागे गेली तर बॉल पुढ्यात पडला, मग पुढे सरकली तर बॉल हातावरून उडून थेट पायऱ्यांवर आला, त्यानंतर तिने बॉलकडे बघणं सोडून सरांकडे बघायला सुरुवात केली. सर तरी काय करणार? दोन टाइम आउट, तीस तीस सेकंदांचे, दोन्ही तिथेच वापरून टाकले. बदली पोरगी टाकायची तर टीममध्ये बारा जणी चालत असताना आलेल्या होत्या आठ, आणि बाकावरच्या दोघींपैकी एकीचा पाय मुरगळलेला. बाकीच्या चौघी कुठे म्हणून विचारलं तर कळलं की घरी कापूस वेचणी चालू आहे.

आणि आता दुसरा सेट. सुरुवातीलाच ०-६ झालं, पायऱ्यांवरची पोरं "भोपळा! भोपळा!" करून ओरडू लागली, मोबाइल वर आले, आणि बरोबर तेव्हाच कोर्टवर जे झालं ते बहुतेक कोणी बघितलं नाही. त्यांची कॅप्टन, बुटकी, केस घट्ट बांधलेली, तिने सात नंबरला हाताला धरून पुढे नेटजवळ आणलं आणि पुढच्या डावीकडच्या पोरीच्या अगदी पाठीशी उभं केलं. आणि मागचा कोपरा स्वतः झाकायला घेतला. हे नियमात बसतं, सर्व्हिस होताना मागची पोरगी पुढचीच्या पुढे गेली नाही म्हणजे झालं. मोठ्या टीमा हेच करतात, कच्चा रिसीव्हर, म्हणजे सर्व्हिस घेणारा, लपवतात, त्याच्यासाठी कोच लोक कागदावर आकृत्या काढतात. या पोरींना ते कोणी शिकवलेलं नव्हतं, सर तर लांबून "हे काय करताय" म्हणून हात हलवत होते! त्यानंतर त्यांनी सहा पॉइंट काढले. त्यातला एक तर तिसरा हात नेटवरून हलकेच टाकून काढला, ९ नंबरवाली स्वतः जागेवर उभी राहून बघत बसली. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नातीला घ्यायला आलेल्या, खेळातलं काही कळत नसावं पण त्या एवढंच म्हणाल्या, "पोर पडनी तरी उठनी व माय."

म्हणजे बघा, चाळीस मिनिटांच्या आत या टीमने रिसीव्हर लपवणं स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं. आणि शोधून काढल्याबरोबर त्यांचं वर्ष संपलं. नॉकआउट ना. आता पुढची मॅच पुढच्या वर्षी, तोपर्यंत कॅप्टन थर्ड इयर पास होऊन गेलेली असेल.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. २५-४ हा प्रॉब्लेम नाहीये, २५-४ नंतर काहीच नाही हा प्रॉब्लेम आहे.

आमच्या वेळी, म्हणजे मी कॉलेजकडून खेळायचे तेव्हा, सेट १५ चा होता आणि आपल्या हातात सर्व्हिस असेल तरच पॉइंट मिळायचा. समोरच्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस मिळायची, ज्याला साइड आउट म्हणतात. १९९८ नंतर ती पद्धत गेली आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट आला, सेट २५ चा झाला. आता या पोरींचे पहिल्या सेटमधले चारही पॉइंट समोरच्याच्या सर्व्हिसवर आलेले, स्वतःच्या सर्व्हिसवर एकही नाही, आणि चारच वेळा रोटेशन झाल्यामुळे दोघींना तर त्या सेटमध्ये सर्व्हिस टाकायलाच मिळाली नाही. जुना नियम असता तर हाच खेळ १५-० लिहिला गेला असता आणि भोपळावाल्यांना मुकाट खरं मानावं लागलं असतं. स्कोअर काय दाखवतो आणि काय दाखवत नाही ते एवढ्यासाठी सांगितलं.

आता ज्यांचं म्हणणं आहे की जिंकणाऱ्यांनी हलकं खेळायला पाहिजे होतं, त्यांच्याशी थोडं भांडते. का हो? समोरच्याला पॉइंट दान करायचे का? मी हरणाऱ्या बाजूने खूपदा खेळलेय, समोरची टीम मुद्दाम नेटमध्ये सर्व्हिस मारायला लागली की हरण्यापेक्षा जास्त झोंबतं ते. ९ नंबरने चांगली सर्व्हिस टाकली, तिचं काम तिने केलं, तिने ती सर्व्हिस भर उन्हात महिनोनमहिने घासली असणार. हां, त्यांच्या कोचला मात्र एक विचारावंसं वाटतं. एका सेटमध्ये सहा बदली चालतात, बाकावर सहा पोरी ट्रॅकसूट घालून बसलेल्या, १८-३ असताना आणि पूर्ण दुसऱ्या सेटमध्ये मिळून एकच आत आली. त्या पाचजणींनी काय फक्त पाणी द्यायला यायचं? समोरच्यावर दया म्हणून सांगत नाहीये, तुमच्याच पोरींचं सांगतेय. दोन्हीकडच्या पोरींना खेळायला मिळालं पाहिजे ना.

आणि एकतर्फी मॅच कोणी बघत नाही म्हणणाऱ्या काकांसाठी एक गोष्ट आहे. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठ आहे, तिथल्या लिंकन गावात ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांनी मुलींची व्हॉलीबॉल मॅच थेट फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवली. बघायला किती लोक आले? ९२,००३. कॉलेजच्या पोरींचा व्हॉलीबॉल! आणि मॅच कशी झाली, तर नेब्रास्काने ओमाहाच्या विद्यापीठाच्या टीमला २५-१४, २५-१४, २५-१३ असं सरळ तीन सेटमध्ये हरवलं. एकतर्फीच की. तरी लोक आले, कारण त्यांना त्या पोरी माहीत आहेत, वर्षानुवर्षं बघतात, नावानिशी ओळखतात. आणि माझ्यासाठी महत्त्वाचं दुसरंच आहे, त्या हरलेल्या ओमाहाच्या पोरींना घरी जाऊन बॅग ठेवायची नव्हती, त्यांचा पूर्ण सीझन पुढे होता. तिथे कॉलेज टीम एका सीझनला पंचवीस-तीस मॅचेस खेळते. आपल्याकडची टीम एक हरली की एकच खेळते. मग चाळीस मिनिटांवरून त्यांना शहाणपण शिकवायला आपण मोकळे.

आपण काही नेब्रास्का नाही, तेवढा पैसा नाही, ते माहीत आहे. स्टेडियम कोणी मागत नाहीये. आपल्याकडे पोरींसाठी वर जायला तसंही फार दारं नाहीत, २०२२ ला प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली टीव्हीवर, ती पण पुरुषांची. मुलींना आहे ते हेच, झोन, मग इंटरझोनल, मग विद्यापीठाच्या टीमचं सिलेक्शन आणि नशीब असेल तर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. म्हणून झोनची ही पहिली पायरी नीट करा म्हणतेय.

तर समितीच्या सर-मॅडम, आता तुमच्याशी.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. दिवस कमी, ग्राउंड एक, रेफ्रींचं मानधन, टीमांचा टीए-डीए, लेक्चर बुडतात म्हणून प्रिन्सिपल ओरडतात. सगळं खरं. पण कागद घेऊन हिशोब करू. समजा आठ टीम आल्या. नॉकआउटला सात मॅच लागतात आणि चार टीमा सकाळीच बाहेर. पूर्ण लीग घेतली तर अठ्ठावीस, ते कोणाच्या बापाला जमणार नाही, मी पण म्हणत नाही. पण चार-चारचे दोन पूल केले तर सहा आणि सहा बारा, वर दोन सेमी आणि एक फायनल, पंधरा मॅच. दोन कोर्टवर, मॅच पाऊण-एक तासाची धरली तर दीड दिवसात उरकतं, आणि प्रत्येक टीमला कमीत कमी तीन मॅच. सहाच टीम असल्या तर तीन-तीनचे दोन पूल, नऊ मॅचमध्ये सगळं बसतं आणि कोणीच एक खेळून घरी जात नाही. फक्त एक सांभाळा, लीग ठेवली की पॉइंटचा रेशो (मिळवलेले भागिले गमावलेले) काढायची सवय असते, मग मोठी टीम बाकावरच्या पोरींना आत टाकायला घाबरते कारण एकेक पॉइंट मोजला जातो. आपल्या झोनपुरतं बरोबरी झाली तर आधी आपसातली मॅच कोण जिंकलं ते बघा आणि तिघींची गाठ पडली तरच रेशो काढा.

दोन दिवस मुक्काम परवडत नाही? ठीक आहे. मग एवढं तरी करा. नॉकआउटच ठेवा, पण पहिल्या राउंडला हरलेल्या चार टीमांना त्याच दिवशी आपसात खेळवा. दोन मॅच आणि त्यांची एक फायनल, तीन मॅच जास्त. त्या पोरी आलेल्याच आहेत, डबा सोबत आणलेलाच आहे, परतीची एसटी संध्याकाळची आहे, नाहीतरी दुपारभर झाडाखाली बसून राहतात. त्या दिवशी दुसरं कोर्ट दुपारनंतर रिकामंच पडलेलं होतं, फक्की मारलेली, नेट बांधलेलं, आणि तिथे आपल्याच कॉलेजची दोन पोरं बूट न घालता पायाने बॉल मारत बसलेली. रेफ्री म्हणून हरलेल्या टीमांच्या पी.टी. सरांनी आळीपाळीने शिट्टी वाजवली तर मानधनाचा पण प्रश्न नाही. यात अडचण कुठे आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा, मी खरंच ऐकायला तयार आहे.

अजून एक, तारीख. आमच्याकडे कापूस वेचायला आला की घरात हात कमी पडतात, आणि पहिला हात कॉलेजात जाणाऱ्या पोरीचा काढला जातो, पोराचा नाही. त्यात डोंगरातल्या कितीतरी घरांना दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जावं लागतं. मुलींची स्पर्धा सप्टेंबरात घेतली तर आठ ऐवजी दहा-बारा पोरी येतील. पाऊस असतो म्हणाल, तर असतोच, पण पोरांच्या कबड्डीच्या वेळी पाऊस आला तर आपण भुसा टाकून ग्राउंड तयार करतो की नाही?

आणि नेटची उंची. मुलींचं नेट २.२४ मीटर, पोरांचं २.४३. सामना सुरू व्हायच्या आधी त्या वरच्या पोरींपैकी एक हात वर करून नेटला बोटं लावून बघत होती आणि मैत्रिणीला म्हणत होती की हे तर खाली आहे. कॉलेजवर एकच नेट, पोरांसाठी बांधलेलं, त्याच्यावरच सराव. स्मॅशची सगळी मोजमापं त्याच उंचीची. समितीकडून दरवर्षी कॉलेजांना जे पत्र जातं त्यात नियमांचा कागद जोडला जातो, तसं "मुलींच्या सरावाला नेट २.२४ वर बांधा" एवढी एक ओळ टाका. खांबाला दुसरं भोक पाडायला वेल्डिंगवाला काही फार पैसे घेत नाही.

आता परत पायऱ्यांवरच्या मंडळींना. ओरडा, खुशाल ओरडा, ग्राउंडवर शांत बसायला कोणी येत नाही. पण "भोपळा" ओरडताना एक बघा, समोरची सर्व्हिस होत असताना ओरडलात तर ज्या पोरीला बॉल घ्यायचा आहे तिलाच ऐकू जातं, कोर्टची रुंदी नऊच मीटर आहे आणि तुम्ही लाइनपासून चार पावलांवर बसलेले असता. रॅली संपल्यावर काय बोलायचं ते बोला. आणि ज्यांनी "यास्ले कोनी आनं" म्हटलं त्या भाऊंना, त्यांना कोणी आणलं नाही, त्या स्वतः आल्या, आठ जणी, एका सरांबरोबर, आणि ट्रॅकसूट नसल्यामुळे अंगावर कॉलेजच्या युनिफॉर्मचं स्वेटर घालून. हसायचं असेल तर निदान दोन्ही सेट पूर्ण बघून हसा, तुमच्यातले अर्धे दुसऱ्या सेटच्या मध्येच पोहे खायला उठले होते.

समितीची पुढच्या सीझनची मीटिंग उन्हाळ्यात असते असं ऐकून आहे. दोन पूल नाहीतर हरलेल्यांच्या तीन मॅच, यातलं एक तरी त्या मीटिंगच्या कागदावर विषय म्हणून लिहा. नाही जमणार असं ठरलं तर का नाही जमणार तेही नोटीस बोर्डावर लावा, आम्ही वाचू. पंच कमी पडत असतील तर मी दिवसभर लाइनवर झेंडी घेऊन उभी राहायला येते, चहा-पाण्यावर, आणि माझ्या वयाच्या अजून चार-पाच जणी घेऊन येते ज्या एकेकाळी याच ग्राउंडवर खेळल्या आहेत.

आपली,
पायऱ्यांवर डावीकडे बसणारी, जुनी लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल चढवून देणारी)
जि. नंदुरबार